यंत्राच्या वहींत नांवें लिहितांना

मनुष्याच्या नांवाची नोंद ठेवण्याची हौस आपल्या समाजांत जुनी आहे. क्षेत्रांच्या ठिकाणीं तीर्थोपाध्यायांच्या वह्या, देशपांडे-कुलकर्ण्यांचीं दप्तरें, शाळांचीं हजेरीपुस्तकें आणि अनेक घराण्यांनीं मोठ्या कष्टानें छापविलेले कुलवृत्तांत, हीं सर्व एकाच वृत्तीचीं फळें होत. या वह्या आतां एकामागून एक संगणकांत चढूं लागल्या आहेत. कोणाचा पुण्यास किंवा अमेरिकेंत असलेला नातू कुलवृत्तांताची पुढील आवृत्ति संगणकावर सिद्ध करीत आहे. कोठें देवस्थानाच्या देणगीदारांची, कोठें शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची सूचि तयार होत आहे. काम खचित चांगलें आहे. तथापि वहींतून यंत्रांत जातांना नांवांची वाटेंत काय गत होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आणि ज्याचें नांव वाटेंत हरवतें त्याला तें कळण्यासही मार्ग नसतो. या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांचा या यंत्राशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं आरंभीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, संगणकांतील 'डेटाबेस' म्हणजे रकाने पाडलेली एक मोठी वही होय. एका ओळींत एक मनुष्य. पहिल्या रकान्यांत नांव, दुसऱ्यांत आडनांव, तिसऱ्यांत गांव, अशी तिची मांडणी. हजारों नांवें हातानें भरणें जिवावर येतें, म्हणून जाणता मनुष्य एक लहानशी आज्ञावलि लिहितो. तिला 'स्क्रिप्ट' म्हणतात. ही स्क्रिप्ट जुनी यादी ओळीओळीनें वाचते आणि प्रत्येक नांवासाठीं वहीला एक आज्ञा देते. त्या आज्ञेचा मराठी आशय असा: सूचींत घाल 'पाठक'. येथें नांवाच्या दोन्ही बाजूंस एकेरी अवतरणचिन्हें आहेत, तीं शोभेसाठीं नाहींत. पहिलें चिन्ह यंत्रास सांगतें कीं येथून नांव सुरू झालें. दुसरें सांगतें कीं येथें नांव संपलें. या दोन खुणांच्या आंत असेल तें नांव आणि बाहेर असेल ती आज्ञा, इतकेंच यंत्रास समजतें.

आतां गोव्याकडील डि'सोझा हें आडनांव घ्या. त्याच्या पोटांतच एक एकेरी चिन्ह आहे. तेव्हां आज्ञा होते: सूचींत घाल 'डि'सोझा'. यंत्र 'डि' एवढें वाचतें, दुसरी खूण पाहतें आणि नांव संपलें असें समजतें. उरलेलें 'सोझा' त्याच्या दृष्टीनें आज्ञेचा भाग ठरतें. आणि 'सोझा' अशी आज्ञा त्याच्या कोशांत नसल्यामुळें तें सबंध ओळच नाकारतें. दुष्ट मनुष्याच्या हातीं हीच गोष्ट शस्त्र होते. तो नांवाच्या जागीं आधीं तें चिन्ह आणि त्यापुढें 'सर्व वही पुसून टाक' अशा अर्थाची खरीखुरी आज्ञा लिहितो, आणि भोळें यंत्र ती पाळतें. १९९८ सालापासून या प्रकाराची जाहीर चर्चा होत आली आहे. तरी बेसावध लिहिलेल्या स्क्रिप्टांस हा धोका आजही आहेच.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस हा घोटाळा अगदींच अपरिचित वाटूं नये. पाणिनीनें धातूंस आणि प्रत्ययांस कांहीं वर्ण असे जोडले आहेत कीं ते शब्दाचा भाग नसतात. ते केवळ कार्य सुचविण्यासाठीं असतात. त्यांस 'इत्' म्हणतात, आणि त्यांचा लोप होतो. शिवसूत्रांच्या अंतींचीं व्यंजनें याच जातीचीं. परंतु तेथेंही एक अडचण राहिलीच. पहिल्या सूत्राच्या अंतीं ण् आहे आणि सहाव्याच्या अंतींही ण् आहे. मग 'अण्' म्हटलें असतां पहिल्या खुणेपर्यंतचे वर्ण घ्यावे कीं दुसऱ्या खुणेपर्यंतचे? एक सूत्र वगळून सर्वत्र पहिली खूण घ्यावी, हा निर्णय परंपरेनें व्याख्यान करणाऱ्यांनीं दिला. नुसत्या अक्षराकडे पाहून तो करतां येत नाहीं. तसेंच, व्याकरणाच्या सूत्रांत एखादा शब्द आला तर, ती शास्त्राची संज्ञा नसल्यास, त्या शब्दाचें रूपच घ्यावें, अर्थ घेऊं नये, असेंही पाणिनीनें पहिल्याच पादांत बजावून ठेविलें आहे. खूण कोणती आणि मजकूर कोणता हें आधीं ठरवावें लागतें, हें त्या महर्षीस पक्कें ठाऊक होतें. यंत्रापाशीं मात्र व्याख्यान करणारा गुरु बसलेला नसतो.

कोणी म्हणेल, डि'सोझा हा गोव्याचा प्रश्न. आमच्या वऱ्हाडांतल्या जोशी-देशपांड्यांच्या नांवांत असलीं चिन्हें कोठून येणार? शंका योग्य आहे. परंतु उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

आज जी पद्धति सर्वत्र रूढ आहे ती युनिकोडाची. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संकेतपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. परंतु ती छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रुळेपर्यंत बरींच वर्षें गेलीं. तोंपर्यंत मराठी मजकूर ज्या टंकांत, म्हणजे फाँटांत, लिहिला जाई ते टंक एक युक्ति करीत. यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरें आणि विरामचिन्हेंच साठविलीं जात. पडद्यावर व कागदावर मात्र त्यांच्या जागीं देवनागरी आकृति उमटत. टंकांचा यांत दोष नव्हता. टंकलेखनयंत्रावर सरावलेलीं बोटें ज्या कळीवर पडत त्या कळीवर नेहमींचें अक्षर मिळावें, हा त्यांचा हेतु होता, आणि त्या काळीं त्यांचा उपयोगही फार झाला.

'कृतिदेव ०१०' हा अशा टंकांपैकीं एक प्रसिद्ध टंक. त्यांत अर्धा श् एकेरी अवतरणचिन्हाच्या जागीं बसविलेला आहे, अर्धा ष् दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागीं, य अर्धविरामाच्या जागीं आणि ए स्वल्पविरामाच्या जागीं. म्हणजे पडद्यावर 'जोशी' दिसतें, पण यंत्राच्या पोटांत त्या श च्या आरंभीं एकेरी अवतरणचिन्ह असतें. देशपांडे, देशमुख, रमेश, शंकर, सर्वांची तीच कथा. अशी यादी आहे तशी स्क्रिप्टच्या हातीं दिली म्हणजे 'मालेगाव' सुखरूप पार होतें, 'वाशिम' अडकतें. आणि आमच्या तालुक्यांतील शिरपूर, जेथें अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात, तेंही बाहेरच राहतें.

ए ची कथा याहून विलक्षण आहे. एका यंत्रांतील यादी दुसऱ्यांत नेतांना बहुधा 'सीएसव्ही' नांवाच्या साध्या पद्धतीनें नेतात. तींत दोन रकान्यांमध्यें स्वल्पविराम हीच भिंत असते. त्यामुळें कृतिदेवांतील 'एकनाथ' याचा पहिला ए हीच भिंत समजली जाते. नांवाचा रकाना रिकामा राहतो, 'कनाथ' आडनांवाच्या रकान्यांत जाऊन बसतें, आडनांव गांवाच्या रकान्यांत जातें, आणि गांव कोठें जाईल तें सांगवत नाहीं. येथें यंत्र ओळ नाकारीतही नाहीं. चुकीची ओळ आनंदानें लिहून घेतें. नाकारलेल्या ओळीपेक्षां अशी ओळ अधिक घातक, कारण तिची तक्रार कोणाकडेच होत नाहीं.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हे. येथें मालेगांवांत एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी अशाच जुन्या धाटणीच्या टंकांत लिहिलेली होती. स्नेहमेळाव्यासाठीं ती डेटाबेसांत चढविण्यांत आली आणि त्यावरून पत्ते काढून निमंत्रणें गेलीं. ज्यानें स्क्रिप्ट लिहिली त्यानें तींत एक सोय करून ठेविली होती: एखादी ओळ यंत्रानें नाकारली तर न थांबतां पुढें जावें. यंत्र पुढें गेलें. पाठक आले, कुलकर्णी आले, काळे आले. जोशी आणि देशपांडे यांपैकीं एकही आला नाहीं. पाठकांतलेही रमेश, सुरेश आणि शंकर गळाले. यादी इतकी लांब होती कीं उणीव कोणाच्या नजरेस आली नाहीं, आणि मेळावा थाटांत पार पडला.

त्यानंतर कित्येक दिवसांनीं आमचा एक जुना विद्यार्थी बाजारांत भेटला. त्याचे केस आतां पांढरे झाले आहेत. नमस्कार करून तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, शाळेला आमची आठवण राहिली नाहीं वाटतें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें अधिक लागलें. त्याचे वडील याच शाळेंत शिकले, तो स्वतः शिकला, त्याच्या बहिणी शिकल्या. घरीं बोलणें झालें असलें पाहिजे. मागें कधींतरी वर्गणीवरून झालेला एक क्षुल्लक वाद त्यांनीं उकरून काढिला होता, आणि त्या वादाचा डूख धरून आपणांस मुद्दाम वगळलें असा त्या सर्वांचा समज झाला होता. वस्तुतः कोणीं कोणास वगळलें नव्हतें. त्याचें आडनांव जोशी, एवढाच त्याचा अपराध. परंतु ज्याला निमंत्रण आलें नाहीं त्यानें यंत्राच्या पोटांतील चिन्हांचा शोध कसा घ्यावा? तो माणसांवरच संशय घेणार.

पुढें याच शाळेंत शिकलेल्या एका मुलीनें, जी आतां पुण्यास संगणकाचेंच काम करते, सुटींत येऊन सारी यादी नव्यानें चढविली. तिनें काय केलें आणि काय टाळलें हें आम्हीं तिच्याजवळ बसून समजून घेतलें. तें सर्वांच्या उपयोगी पडण्यासारखें आहे.

अशा प्रसंगीं पुष्कळांस सुचणारा पहिला उपाय म्हणजे नसतीं चिन्हें सरसकट काढून टाकणें. तो तिनें ऐकूनही घेतला नाहीं. जुन्या टंकांतील 'जोशी' मधून तें चिन्ह काढलें तर अर्धा श् नाहींसा होऊन त्याचा नुसता काना उरतो. युनिकोडांत आलेल्या नांवांची याहून वाईट दशा होते. रोमन लिपीच्या सोयीनें लिहिलेल्या स्क्रिप्टांत 'जें अक्षर नव्हे तें काढून टाक' अशी एक झाडलोट पुष्कळदां असते. आणि कित्येक आज्ञाभाषांच्या समजुतीप्रमाणें आपला काना, मात्रा, वेलांटी हीं अक्षरेंच नव्हत! अशी झाडलोट झाली कीं मालेगाव याचें 'मलगव' होतें, वाशिम याचें 'वशम' आणि जोशी याचें 'जश'. डि'सोझा याचें 'डिसोझा' करणें त्यामानानें सौम्य वाटेल. पण तेंही दुसऱ्याच्या नांवांत त्याला न विचारतां केलेला फेरफारच होय.

दुसरा उपाय द्विरुक्तीचा. नांवांत एकेरी चिन्ह आलें तर तें दोनदां लिहावें, म्हणजे यंत्र त्या जोडीला नांवांतील एक चिन्ह समजतें. डेटाबेसाच्या भाषेचा तसा नियमच आहे. उपाय खरा, पण जपून करण्याचा. एकानें द्विरुक्ति केली आणि दुसऱ्यानें तें न कळून पुन्हां केली, तर जादा चिन्हें नांवांत कायमचीं घर करून राहतात.

तिसरा उपाय तिनें केला, आणि तोच शास्त्रशुद्ध होय. आपल्या पावतीपुस्तकांत 'श्री. ...... यांजकडून रुपये ...... मिळाले' असा मजकूर आधीं छापलेला असतो. रिकाम्या जागीं कोणीं कांहींही लिहिलें तरी छापील मजकूर बदलत नाहीं. तसेंच यंत्रास आज्ञा आधीं एकटी द्यावी, तींत नांवाची जागा रिकामी ठेवावी, आणि नांव मागाहून निराळें पोंचवावें. मग नांवांत अवतरणचिन्ह असो, अर्धविराम असो वा एखाद्या दुष्टाची आज्ञा असो, यंत्र त्याकडे मजकूर म्हणूनच पाहतें. संगणकाचे लोक यास 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात. खूण आणि मजकूर एकत्र कालवून मग वेगळे काढीत बसण्यापेक्षां ते आरंभापासून वेगळे ठेवणें केव्हांही श्रेयस्कर.

अर्थात् या उपायानें 'जोशी' ही ओळ नाकारली जात नाहीं एवढेंच. जुन्या टंकांतील नांव तसेंच आंत गेलें तर तें रोमन वेषांत राहील. म्हणून तिनें आधीं सारी यादी युनिकोडांत आणविली. त्यासाठीं रूपांतर करणारीं साधनें मिळतात. परंतु जोडाक्षरांच्या आणि रफाराच्या जागीं तीं चुकतात, तेव्हां मागाहून मराठी जाणणाऱ्या मनुष्यानें मूळ कागदाशीं ताडून सबंध यादी एकदां डोळ्यांखालून घालावी लागते. हें काम आमच्याकडे आलें.

युनिकोडांत आलें म्हणजे सर्व संपलें, असेंही नाहीं. आपल्या प्रांताचेंच नांव पाहा. 'वऱ्हाड' यांत ह च्या आधीं जी आडवी वळणदार रेघ आहे, ती र चीच एक आकृति. आणि ती संगणकांत तीन प्रकारें लिहितां येते. पहिला प्रकार: ऱ हा स्वतंत्र वर्ण आणि त्यापुढें हलन्ताची खूण. दुसरा: साधा र, त्याखालीं नुक्त्याचें टिंब, मग हलन्त. तिसरा: साधा र, हलन्त, आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारी एक सांधणारी खूण. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक घटकास ३ बाइट जागा लागते आणि त्या अदृश्य खुणेसही तितकीच. त्यामुळें पहिल्या प्रकारचें वऱ्हाड सहा घटकांचें, १८ बाइटांचें. दुसरें आणि तिसरें सात घटकांचें, २१ बाइटांचें. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखीं! घटकांवरून ताडून पाहणाऱ्या यंत्राच्या लेखीं मात्र हे तीन निराळे शब्द आहेत. वऱ्हाडपांडे, कऱ्हाडे, गोऱ्हे हीं आडनांवें ज्या घरांत आहेत तेथील दोन सख्खे भाऊ एकाच सूचींत एकमेकांस परके होतात, तें यामुळें.

पहिले दोन प्रकार युनिकोडानें समान मानिले असून 'एनएफसी' नांवाच्या विहित संस्कारानें ते एकरूप होतात. तिसऱ्यास तो संस्कार लागूं पडत नाहीं. आपणच नियम करून त्याचा पहिला करून घ्यावा लागतो. येथेंही क्रमास महत्त्व आहे. कोणीं आधींच 'अदृश्य खुणा काढून टाक' अशी आज्ञा दिली तर सांधा तुटतो, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो आणि वऱ्हाडाचें 'वर्हाड' होऊन जातें. आधीं रूप निश्चित करावें, मग झाडावें.

अशींच लहानमोठीं आणखी स्थळें आहेत. वकिलांच्या नांवामागील 'ॲड.' यांतील ॲ या अक्षरास स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ सालच्या युनिकोडांत. त्यापूर्वींच्या याद्यांत अ वर निराळा चंद्र देऊन तें लिहिलेलें आढळतें. 'दुःख' या शब्दांत विसर्गाऐवजीं दोन टिंबांचा अपूर्णविराम देणारे तर घरोघरीं आहेत. मुलांच्या वह्यांतून ही चूक काढतां काढतां आमची हयात गेली. परंतु वहींत ती नुसती दिसे, येथें ती शब्दच बदलून टाकते.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र यंत्राचा नसून आपलाच आहे. हें मासिक जुन्या अनुस्वारांची रीत अद्याप पाळतें, म्हणून आम्ही 'मालेगांव' लिहितों. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानें स्वीकारले, तेव्हांपासून शाळांत आणि कचेऱ्यांत 'मालेगाव' लिहिलें जातें. कोणी 'मालेगाव जहाँगीर' असें पूर्ण नांव लिहितो. त्यांतही कोणी चंद्रबिंदु देतो, कोणी नुसता अनुस्वार. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून वेगळा झाला; त्यामुळें त्यापूर्वींच्या कागदांत हेंच गांव अकोला जिल्ह्यांत सांपडतें. उलट पक्षीं, मालेगाव म्हटलें कीं बाहेरचा मनुष्य नाशिक जिल्ह्यांतील मोसम नदीवरचें मोठें शहर समजतो. शिवाय बारामती तालुक्यांत मालेगाव बुद्रुक आहे आणि नांदेड जिल्ह्यांत खंडोबाच्या यात्रेचें मालेगाव आहेच. म्हणजे एकाच गांवाचीं चार नांवें आणि एकाच नांवाचीं चार गांवें!

येथें उत्साही मनुष्य सर्व नोंदी एका साच्यांत घालण्यास निघतो. आमचें मत तसें नाहीं. आजोबांनीं १९४० सालीं शाळेंत नांव घालतांना जें लिहिलें तें त्यांचें लिहिणें होय. तें बदलण्याचा अधिकार नातवाच्या स्क्रिप्टला नाहीं. त्या मुलीनें यास सोपी तोड काढिली. मूळ कागदांत जसें असेल तसें नांव एका रकान्यांत अबाधित ठेविलें. शोधण्यासाठीं आणि ताडण्यासाठीं एकसारखें केलेलें रूप शेजारच्या दुसऱ्या रकान्यांत घातलें. आणि गांवांपुरता तिसरा रकाना केला, त्यांत केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेंतील संकेतांक लिहिला. ही निर्देशिका प्रत्येक गांवास निराळा अंक देते. अनुस्वार असो वा नसो, जिल्हा अकोला असो वा वाशिम, अंक एकच. यंत्रास जो निःसंदिग्धपणा हवा तो त्या अंकानें मिळतो, आणि माणसाचें नांव माणसाच्या हातचें राहतें.

आतां ज्यांच्या घरीं असें काम चाललें आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना. पहिली ही कीं, मूळ फाईल आणि मूळ कागद यांस हात लावूं नये. सर्व प्रयोग नकलेवर करावे. एक्सेलमधून यादी काढतांना साधा सीएसव्ही पर्याय न घेतां 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा जो स्वतंत्र पर्याय असतो तो घ्यावा. अक्षरें बिघडलींच तर दोन लक्षणें ओळखावीं. मराठीच्या जागीं शेंडीवाल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरूं नये. बहुधा मूळ मजकूर शाबूत असून यंत्र तो निराळ्या पद्धतीनें वाचत असतें, आणि योग्य पद्धति सांगितली कीं तो परत येतो. परंतु साठविलेल्या नोंदींतच नांवाच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें लिहिलीं गेलीं असतील, तर तेथून नांव परत येत नाहीं. त्या वेळीं मूळ यादीच कामास येते, आणि जिनें ती रद्दींत घातली तिला पश्चात्ताप करावा लागतो.

दुसरी सूचना परीक्षेची. सारी यादी चढविण्यापूर्वीं दहा-बारा अवघड नांवांची एक चांचणी-यादी करून ती आधीं चढवावी आणि परत बाहेर काढून अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. जोशी, देशपांडे, एकनाथ, यशवंत, वऱ्हाडपांडे, डि'सोझा, एखादे ॲडव्होकेट, कंसांत दुसरें नांव असलेलें एखादें गांव, एवढीं सुखरूप परत आलीं तर बाकींच्यांची फारशी चिंता नको.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी: मोजावें. जुन्या यादींत नांवें किती, नव्या वहींत किती, आणि यंत्रानें नाकारलेलीं किती. शेवटच्या दोन संख्यांची बेरीज पहिलीशीं जुळली पाहिजे. नाकारलेल्या ओळी गुपचूप टाकून देऊं नयेत. त्या एका निराळ्या फाइलींत कारणासह उतरून घ्याव्या आणि त्यांचा निकाल माणसानें लावावा. लग्नांत पंगत उठण्यापूर्वीं घरची कर्ती बाई जेवलेल्यांची आणि राहिलेल्यांची मोजदाद करते, तीच ही रीत. त्या स्नेहमेळाव्याच्या वेळीं कोणीं इतकें जरी केलें असतें, तरी निमंत्रणें जाण्यापूर्वींच उणीव ध्यानांत आली असती.

नवी सूचि पुरी झाल्यावर शाळेनें, पूर्वीं जे सुटले होते त्या सर्वांस, झाला प्रकार सरळ लिहून पत्रें पाठविलीं. आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं घरीं जाऊन सारें समजावून सांगितलें. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें आपल्या वडिलांचें नांव सूचींत कसें लिहिलें आहे तें दाखवावयास सांगितलें, आणि आपल्या दोन्ही बहिणींचे हल्लींचे पत्ते आम्हांस लिहून दिले.

या सूचीचा आणखी एक प्रश्न शिल्लक आहे, तो वर्णानुक्रमाचा. आपल्या परंपरेंत क्ष आणि ज्ञ मुळाक्षरांच्या अंतीं येतात. यंत्र मात्र त्यांस क च्या आणि ज च्या पोटांत घालतें, त्यामुळें क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या शेजारीं येऊन बसतात. याविषयीं पुढील अंकीं लिहूं.